दोघंही मेले, तर जिंकलं कोण?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

टोकियो ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, चेन्नईची भवानी देवी तलवारबाजीच्या सामन्यात उतरली आणि आपल्याकडच्या पुष्कळ लोकांनी हा खेळ पहिल्यांदा लक्ष देऊन पाहिला. ऑलिम्पिकच्या तलवारबाजीत उतरणारी ती पहिली भारतीय. पहिली लढत तिनं १५-३ अशी जिंकली, दुसरी ती हरली. त्यानंतर मला बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. दोन्ही खेळाडू एकमेकींवर झेपावतात, दोघींचेही दिवे एकदम लागतात आणि पंच मात्र एकीलाच गुण देतो. लागलं तर दोघींनाही, मग गुण एकीलाच का?

प्रश्न साधा वाटतो, पण तलवारीच्या सगळ्या विद्येचं मर्म त्यात आहे. खरी तलवार हातात असताना दोघांनाही लागलं, तर दोघंही मेले. मग जिंकलं कोण? युरोपातल्या वस्तादांनी सहाशे-सातशे वर्षं याच प्रश्नाशी झुंज दिली. आजच्या खेळाचे नियम म्हणजे त्या प्रश्नाला वेगवेगळ्या काळात दिलेली उत्तरं आहेत. त्यांची ओळख करून घेतली की समोरचा खेळही कळायला लागतो.

सुरुवातीला एक गैरसमज दूर करू. सिनेमा पाहून आपल्याला वाटतं, की जुन्या तलवारी फार जड असत आणि दणकट माणसं त्या कशातरी फिरवत असत. युरोपात दोन्ही हातांनी धरायची जी लांब तलवार चौदाव्या-पंधराव्या शतकात वापरात होती, तिचं वजन साधारणपणे सव्वा ते दीड किलो असे. म्हणजे क्रिकेटच्या बॅटइतकं किंवा थोडं अधिक. एवढ्या वजनाची आणि नीट तोललेली वस्तू माणूस चपळाईनं फिरवू शकतो. युरोपी पात्यांची चांगली ओळख आपल्याकडेही होती. परदेशातून आलेल्या सरळ, लांब पात्याला इथली मूठ बसवून जी तलवार तयार होई, तिला आपण फिरंग म्हणत असू. मराठ्यांच्या हाती अशा फिरंगा होत्या.

ही विद्या कशी शिकवत, हे आपल्याला कळतं ते वस्तादांनी मागं ठेवलेल्या पोथ्यांमुळे. तलवारबाजीवरची युरोपातली सर्वांत जुनी ज्ञात पोथी चौदाव्या शतकाच्या आरंभीची आहे. ती आज इंग्लंडमध्ये लीड्सच्या रॉयल आर्मरीज या संग्रहालयात आहे. त्या पोथीत शिकवणारा आहे एक धर्मगुरू! एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात ताटलीएवढी लहान ढाल घेऊन तो शिष्याला पवित्रे शिकवतो. शेवटच्या पानांवर तर वालपुर्गिस नावाची एक स्त्री ढाल-तलवार घेऊन उभी आहे.

पुढं जर्मनीत योहानेस लिख्टेनाउअर या वस्तादाची परंपरा निर्माण झाली. त्याची शिकवण त्रोटक, कोड्यासारख्या पद्यांत होती आणि शिष्यांनी नंतर त्यावर टीका लिहिल्या. इटलीत फिओरे दे लिबेरी या वस्तादानं १४१०च्या सुमारास सचित्र ग्रंथ केला. त्या ग्रंथाचा आरंभ तलवारीनं होत नाही, कुस्तीनं होतो. आधी कुस्ती, मग कट्यार, मग तलवार, भाला, परशू आणि शेवटी घोड्यावरची लढाई. आपल्याकडच्या तालमीत वाढलेल्या माणसाला हा क्रम लगेच पटेल. अंगाला अंग भिडलं की तलवार निम्मी निकामी होते आणि तिथं कुस्तीच उपयोगी पडते.

या पोथ्यांमधली तलवार आजच्या खेळापेक्षा किती निराळी होती, याचं एक उदाहरण देतो. प्रतिस्पर्धी पायापासून डोक्यापर्यंत पोलादी चिलखतात असेल, तर धारेचा वार काय कामाचा? चिलखत कापलं जात नाही. अशा वेळी योद्धा आपल्याच तलवारीचं पातं डाव्या हातानं मधोमध धरी आणि तिचा आखूड भाल्यासारखा उपयोग करून काखेत, मांडीच्या सांध्यात किंवा शिरस्त्राणाच्या फटीत टोक खुपसायचा प्रयत्न करी. कधी तो दोन्ही हातांनी पातं धरून मुठीकडच्या भागानं हातोड्यासारखा घाव घाली. पातं घट्ट धरलं आणि हातात सरकू दिलं नाही, तर हात कापत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

चिलखत नसताना लढत झाली, तर वस्तादांचा भर एका गोष्टीवर असे. समोरच्याचा वार अडवणं आणि आपला वार करणं ही दोन कामं एकाच हालचालीत व्हावीत. जर्मन परंपरेतले काही नामांकित वार याच तत्त्वावर बेतले आहेत. वरून येणाऱ्या तलवारीला आपली तलवार अशा कोनात भिडवायची, की तिची वाट बंद व्हावी आणि आपलं टोक मात्र त्याच्या चेहऱ्यासमोर राहावं. पाती एकमेकांना भिडली, की हाताला समोरच्याचा जोर जाणवतो. तो जोरात रेटतो आहे, की सैल आहे? रेटत असेल तर बाजूला सरकून त्याचा जोर वाया घालवायचा, सैल असेल तर सरळ आत शिरायचं. डोळ्यांपेक्षा हाताच्या स्पर्शावर चालणारा हा भाग होता.

या सगळ्यामागं भीती होती. मारण्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, न मरणं महत्त्वाचं होतं. शिवाय तलवार लागलेला माणूस सिनेमातल्यासारखा लगेच कोसळत नाही. छातीत टोक घुसलेला माणूसही काही क्षण लढू शकतो आणि तेवढ्या क्षणांत समोरच्याला घेऊन जाऊ शकतो. म्हणून वार केल्यावर तलवारीच्या आडोशानं सुरक्षित मागं येणं हा शिक्षणाचाच भाग होता.

सोळाव्या शतकात दृश्य बदललं. शहरांत माणसं रोजच्या पोशाखाबरोबर रेपियर नावाची तलवार लावू लागली. लांब, अरुंद पातं, मुठीभोवती पोलादी कड्यांचं संरक्षण आणि भर धारेपेक्षा टोकावर. अनेक रेपियरचं पातं मीटरभर किंवा त्याहून लांब असे आणि वजन किलोभर किंवा थोडं अधिक. म्हणजे हीदेखील काही फुलासारखी हलकी नव्हती. डाव्या हातात बहुधा कट्यार असे, नसेल तर हातमोजा घातलेल्या किंवा उघड्या हातानंही समोरचं पातं बाजूला सारत. इटालियन वस्ताद काप्पो फेर्रो याच्या १६१० सालच्या ग्रंथात पुढचा पाय लांब टाकून, मागचा पाय ताणून, हात पूर्ण लांबवून टोक मारण्याची क्रिया अक्षरांनी खुणा केलेल्या चित्रातून समजावली आहे. हीच ती लंज. आजच्या खेळाडूची लंज या चित्रातल्या माणसाची थेट वारसदार आहे.

पण काप्पो फेर्रो लंजच्याही आधी एक गोष्ट शिकवतो. समोरच्याच्या पात्यावर आपलं पातं अशा तऱ्हेनं ठेवायचं, की सरळ रेषेत त्याला आपल्यापर्यंत पोचताच येऊ नये. आधी त्याची वाट बंद करायची, मगच पुढं जायचं. स्पेनमधल्या वस्तादांनी तर भूमितीचाच आधार घेतला. जमिनीवर वर्तुळ कल्पून, त्याच्या परिघावरून तिरकी पावलं टाकत समोरच्याच्या रेषेबाहेर कसं राहायचं, हे ते शिकवत.

तरीही माणसं मरत होती आणि पुष्कळदा दोघंही. १५९९ साली जॉर्ज सिल्व्हर या इंग्रज गृहस्थानं इटालियन रेपियरविरुद्ध एक पुस्तकच लिहिलं. त्याची तक्रार अशी, की या परदेशी विद्येमुळे माणसं एकमेकांना भोसकून दोघंही मरतात. मग हिला संरक्षणाची विद्या का म्हणावं? फ्रान्समध्ये द्वंद्वांत एवढे सरदार मरू लागले, की १६२६ मध्ये त्याविरुद्ध कडक फर्मान निघालं आणि ते मोडणाऱ्या बूतव्हिल नावाच्या सरदाराचा १६२७ मध्ये शिरच्छेद झाला. तरी द्वंद्वं थांबली नाहीत.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. अठराव्या शतकात तलवार आणखी आखूड आणि हलकी झाली आणि तिच्या सरावासाठी टोकाला बोंड असलेली, लवचीक पात्याची फॉइल वापरात आली. अडचण एकच होती, चेहऱ्यावर जाळी नव्हती. सराव करताना दोघंही एकदम झेपावले, तर बोंड लावलेलं टोकही डोळा फोडू शकतं. म्हणून तालमींमध्ये एक शिस्त आली. ज्यानं आधी हात लांबवून टोक रोखलं, त्याची पाळी. दुसऱ्यानं आधी ते टोक बाजूला सारायचं, मगच उलटा वार करायचा. उलटा वार झाला, की पाळी त्याची. चेंडू एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जावा, तशी ही पाळी फिरते. जाणकार तिला पात्यांचं संभाषण म्हणतात आणि संभाषणात दोघांनी एकदम बोलायचं नसतं.

या शिस्तीत डोळ्यांची काळजी होती आणि त्याहून मोठं शहाणपणही होतं. तुझ्या छातीकडे टोक येत असताना ते न अडवता तू वार केलास, तर खऱ्या लढतीत तो वेडेपणा ठरेल. तुझा वार लागला असेल, पण तू मेलास. म्हणून तुला गुण नाही. आज दोन्ही दिवे लागल्यावर पंच एकीलाच गुण देतो तो याच नियमानं. फॉइल आणि सेबर या दोन प्रकारांत तो लागू आहे. आक्रमणाचा हक्क एकीकडे असताना दुसरीनं तो न अडवता घाव घातला, तर तिचा दिवा लागूनही उपयोग नसतो. दोघींनी खरोखरच एकदम आक्रमण केलं, तर गुण कोणालाच नाही.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये तारेच्या जाळीचा मुखवटा आला. त्याचं श्रेय बहुधा ला बोएसिएर या वस्तादाला देतात. मुखवट्यानं सराव सुरक्षित झाला, वेग वाढला आणि भीती थोडी कमी झाली. जाळीआड माणूस जे धाडस करतो, ते उघड्या चेहऱ्यानं करणार नाही. पुढच्या प्रत्येक सुधारणेत हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमधल्या काही तलवारबाजांना फॉइलची ही शिस्त कृत्रिम वाटू लागली. त्या काळी तिथं द्वंद्वं होतच होती आणि प्रत्यक्ष द्वंद्वात पाळी ठरवायला पंच नसतो. ज्याला आधी लागलं, त्याचं रक्त आलं. शिवाय लागणार कुठं, तर छातीतच असं नाही. सर्वांत पुढं असतं ते मनगट. म्हणून द्वंद्वाची तलवार, म्हणजे एपे, हाच सरावाचा प्रकार झाला. सगळं शरीर लक्ष्य, पाळी वगैरे काही नाही, ज्याचं टोक आधी लागेल तो जिंकला. १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकमध्ये फॉइल आणि सेबर होते, १९०० मध्ये एपे आला. १९१३ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि नियम एकसारखे झाले. तलवारबाजी पूर्णपणे खेळ झाली ती इथं.

त्यानंतर आली वीज. १९३६ च्या ऑलिम्पिकमध्ये एपेच्या टोकाला विजेचं बटण बसवलं गेलं. १९५६ मध्ये फॉइलला आणि १९९२ मध्ये सेबरला विजेची नोंद लागू झाली. त्याआधी चार साहाय्यक पंच डोळ्यांत तेल घालून पाहत असत आणि तरीही वाद होत. विजेनं लागलं की नाही हा वाद मिटवला, पण खेळाडू तलवारीऐवजी यंत्राला समजेल असा खेळ करू लागले.

फॉइलचंच पाहा. टोकाचं बटण ५०० ग्रॅम दाबानं दबलं की दिवा लागतो. खेळाडूंच्या लक्षात आलं, की लवचीक पातं चाबकासारखं झटकलं तर ते वाकतं आणि समोरच्याच्या खांद्यावरून पाठीवर जाऊन बटण दाबतं. खऱ्या तलवारीनं असा झटका मारला, तर फार तर कपड्याला ओरखडा पडेल. पण दिवा लागतो, गुण मिळतो. १९९० च्या दशकात ही युक्ती फारच बोकाळली. अखेर २००५ मध्ये महासंघानं यंत्राचं वेळापत्रकच बदललं. बटण सुमारे १४ सहस्रांश सेकंद दाबलेलं राहिलं तरच नोंद होईल, असं ठरवलं. त्यामुळे ओझरत्या झटक्यांना आळा बसला. मला यात गंमत वाटते. जे काम पूर्वी मृत्यूचं भय करत होतं, ते आता सेकंदाच्या इवल्या तुकड्यावर सोपवलं आहे.

एपेमध्ये दुसराच प्रश्न. तिथं सेकंदाच्या सुमारे पंचविसाव्या भागाच्या आत दोघांनीही स्पर्श केला, तर दोघांनाही गुण मिळतो. त्यामुळे १४-१० अशी आघाडी असेल, तर पुढं असलेला खेळाडू मुद्दाम दोघांना लागेल असा डाव खेळतो. गुण दोघांना मिळाले तरी सामना तो जिंकतो. जॉर्ज सिल्व्हरनं हे पाहिलं असतं तर कपाळावर हात मारला असता. ज्या मृत्यूला तो भीत होता, तो इथं विजयाचं साधन झाला आहे.

मात्र खेळाच्या जगातही एका ठिकाणी जुनी भीती शिल्लक आहे. आधुनिक पेंटॅथलॉन या ऑलिम्पिक प्रकारात एपेच्या मुख्य फेरीत प्रत्येक लढत फक्त एका स्पर्शाची असते. दोघांना एकदम लागलं तर ते धरत नाहीत, लढत पुढं चालू राहते. ठरलेल्या वेळात कोणालाच स्पर्श करता आला नाही, तर पराभव दोघांच्याही नावावर लिहितात. एकच संधी आहे म्हटल्यावर खेळाडू कसे सावध होतात, हे तिथं दिसतं.

बाकी फरक उघड आहेत. आजचा सामना १४ मीटर लांब आणि दीड ते दोन मीटर रुंद पट्टीवर होतो. त्यामुळे वर्तुळातली तिरकी पावलं गेली. मोकळ्या हातानं पातं धरायला किंवा आपलं लक्ष्य झाकायला बंदी आहे. अंगाशी भिडलं की पंच थांबवतो, म्हणजे कुस्तीही गेली. तलवारीचं वजनही उतरलं. फॉइल आणि सेबर ५०० ग्रॅमच्या आत, एपे ७७० ग्रॅमच्या आत.

हे ऐकून कुणी म्हणेल, की मग आजचा खेळ म्हणजे खोटी तलवारबाजी. मला ते पटत नाही. जुन्या वस्तादाच्या शिष्याला खऱ्या वेगानं, न कचरता, सहकार्य न करणाऱ्या माणसाशी हजारो लढती करायला मिळत नव्हत्या. मिळाल्या असत्या तर डोळे-दात शाबूत राहिले नसते. आजच्या खेळाडूला त्या मिळतात. अंतराचा अंदाज, क्षण पकडणं, हूल देणं आणि समोरच्याची हूल ओळखणं यांत तो किंवा ती जुन्या काळातल्या कुणाच्याही तोडीस तोड असेल.

आणि हा खेळ सुरक्षित झाला तोही किंमत मोजून. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमधला फॉइलचा सुवर्णपदक विजेता, सोव्हिएत संघाचा व्लादिमीर स्मिर्नोव, १९८२ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत खेळत होता. प्रतिस्पर्ध्याचं पातं तुटलं आणि तुटलेलं टोक मुखवट्याची जाळी भेदून डोळ्यावाटे मेंदूत गेलं. काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर मुखवट्याची ताकद, कपड्यांचं कापड आणि पात्यांचं पोलाद या सगळ्यांचे निकष कडक झाले. आज शाळकरी मुलं निर्धास्तपणे हा खेळ खेळतात, त्यामागं तो मृत्यू आहे.

गेल्या तीसेक वर्षांत युरोप-अमेरिकेत एक वेगळी चळवळ वाढली आहे. हौशी अभ्यासक त्या जुन्या पोथ्या वाचून, बोथट पोलादी तलवारी, मुखवटे आणि जाड हातमोजे घेऊन जुने डाव पुन्हा उभे करतात. काम अवघड आहे. चित्रात एक क्षण गोठलेला असतो, त्याच्या आधी आणि नंतर काय झालं हे ताडून पाहावं लागतं. आपल्याकडे मर्दानी खेळात पट्टा आणि लाठीचे हात गुरूकडून शिष्याकडे आले. युरोपात लांब तलवारीची ती साखळी तुटली आणि उरला कागद.

पण या अभ्यासकांनी स्पर्धा सुरू केल्या, तेव्हा त्यांच्यासमोरही तोच प्रश्न येऊन उभा राहिला. मुखवटा आहे, जाड कपडे आहेत, मग भीती कशाला? दोघंही धडाधड एकमेकांवर वार करू लागले. मग त्यांनीही नियम शोधले. कुठं दोघांना लागलं तर दोघांचेही गुण कापतात. कुठं वार लागल्यावरही समोरच्याला लगेच एक उलटा वार करायची मुभा देतात, म्हणजे वार करणाऱ्याला स्वतःला झाकून मागं यावं लागतं. जुनी विद्या जशीच्या तशी आणायला निघालेल्या माणसांनाही अखेर भीतीच्या जागी नियम ठेवावा लागला.

म्हणून खरी तलवारबाजी कोणती, या वादात मला फारसं तथ्य दिसत नाही. मृत्यू काढून घेतला, की तलवारीची विद्या उरतच नाही असं नाही, पण ती आपोआप टिकतही नाही. ती नियमात जपावी लागते आणि नियम खेळाडूच्या चलाखीपुढं मागं पडला, की पुन्हा दुरुस्त करावा लागतो. १४ सहस्रांश सेकंदाचा तो बदल वरवर तांत्रिक वाटतो, पण तलवारीला टोक असतं याची ती आठवण आहे.

महाराष्ट्रात आज अनेक शाळकरी मुलं-मुली तलवारबाजी शिकतात. फॉइल हातात दिलेल्या मुलाला सुरुवातीला वाटतं, की आधी जाऊन लागलं की झालं. प्रशिक्षक त्याला पुन्हा पुन्हा सांगतात, आधी अडव, मग मार. मुलाला ते जाचक वाटतं, पालकांनाही कधी कधी पंचाचा निर्णय अन्यायाचा वाटतो. अशा वेळी त्या मुलाला एवढंच समजावून सांगा, की हा नियम गुण मोजण्यासाठी केलेला नाही. ज्यांच्या चेहऱ्यावर जाळी नव्हती, त्यांनी तो केला. घरी परत जाता यावं म्हणून.